७२ लाख अंकी मूळ संख्या आणि देवळालीचे कापरेकर मास्तर: काय आहे हे नातं?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत एकूण ७५ किलोमीटरची डांबरी लेन सलग टाकली गेली आणि त्या कामाची गिनीज बुकात नोंद झाली. आता कल्पना करा की त्या लेनवर कोणीतरी खडूने एक संख्या लिहायला बसलंय. प्रत्येक अंकाला फक्त एक सेंटीमीटर जागा. ७२ किलोमीटर लिहून झालं तरी संख्या संपलेली नसेल. शेवटचा अंक लिहून होईल तेव्हा ७५ किलोमीटरपैकी जेमतेम अडीच किलोमीटर रस्ता उरलेला असेल.

ही संख्या म्हणजे २^२४०३६५८३ − १. म्हणजे २ ला २ ने गुणत जायचं, असे एकूण २,४०,३६,५८३ वेळा २ घ्यायचे आणि आलेल्या गुणाकारातून १ वजा करायचा. ही संख्या मूळ आहे. पण तिची आणखी एक ओळख आहे, आणि ती थेट नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांपर्यंत जाते. समजून घेऊया.

एका नजरेत

• संख्या: २^२४०३६५८३ − १
• एकूण अंक: ७२,३५,७३३
• सुरुवातीचे अंक: २९९४१
• शेवटचे अंक: ४०७
• शोध: १५ मे २००४, जॉश फिंडली, गिम्प्स प्रकल्प
• क्रम: मर्सेन मूळ संख्यांमध्ये ४१ वी
• खास ओळख: 'देवळाली संख्या' असल्याचं ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं

मूळ संख्या म्हणजे नेमकं काय?

शाळेत शिकलो ते आठवा. १ पेक्षा मोठी असलेली ज्या संख्येला फक्त १ ने आणि स्वतःनेच नि:शेष भाग जातो, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ. १५ मूळ नाही, कारण ३ × ५ = १५.

आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण घेऊ. अकोल्याचा पिनकोड ४४४००१. ही संख्या मूळ आहे का? तपासायचं तर तिला २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी भागत जावं लागेल. कुठपर्यंत? संख्येच्या वर्गमुळापर्यंत, कारण दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. ४४४००१ चं वर्गमूळ ६६६ च्या थोडं पुढे आहे. तिथपर्यंत एकूण १२१ मूळ संख्या आहेत. त्यातल्या एकीनेही भाग जात नाही. म्हणजे अकोल्याचा पिनकोड चक्क मूळ संख्या आहे.

अमरावतीच्या ४४४६०१ चं तसं नाही. त्याला १७ ने भाग जातो: १७ × २६१५३ = ४४४६०१. अकोलेकरांनी हे मित्रांना सांगायला हरकत नाही.

सहा अंकी संख्येसाठी १२१ भागाकार पुरले. पण ७२ लाख अंकी संख्येचं वर्गमूळच ३६ लाख अंकी असतं. तिथपर्यंतच्या मूळ संख्या किती? दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज सुमारे ८१ अंकी संख्येत मावतो. त्यापुढे ही मोजणी कुठल्या कुठे जाते. म्हणजे भागाकार करत बसून हे काम कधीच होणार नाही. मग ते झालं कसं?

मर्सेन संख्यांची सोय

इथे २ च्या घाताची कमाल आहे. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्येला मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. त्यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली होती. यादीत चुका होत्या, पण नाव त्यांचंच राहिलं.

मर्सेन संख्या मूळ असायची असेल तर तिचा घातही मूळ असावाच लागतो. उलट मात्र दर वेळी खरं नसतं. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. म्हणजे घात मूळ असणं ही प्रवेशाची अट आहे, पास होण्याची हमी नाही.

याच्या अवयवांनाही एक शिस्त असते. घात विषम मूळ असेल, तर मर्सेन संख्येचा कोणताही मूळ अवयव 'घाताच्या दुपटीची पट अधिक १' या रूपातच येतो. २०४७ मध्ये पाहा: ११ ची दुप्पट २२. २२ + १ = २३ आणि ४ × २२ + १ = ८९. आपल्या ७२ लाख अंकी संख्येसाठी याचा अर्थ असा, की ३, ५, ७ ने भाग जातो का हे बघायचीच गरज नाही. तिला स्वतःखेरीज दुसरा मूळ अवयव असलाच तर तो किमान ४,८०,७३,१६७ एवढा मोठा असायला हवा होता.

ती मूळ आहे हे सिद्ध कसं झालं?

मर्सेन संख्यांसाठी लुकास-लेमर नावाची एक चाचणी आहे. ती इतकी सरळ आहे की छोटं उदाहरण वहीवर करता येतं. २^५ − १ = ३१ घ्या.

• सुरुवात ४ पासून.
• वर्ग करा, २ वजा करा: १६ − २ = १४.
• पुन्हा तेच: १९६ − २ = १९४. ३१ ने भागल्यावर बाकी ८.
• पुन्हा तेच: ६४ − २ = ६२. ३१ ने भागल्यावर बाकी ०.

घात ५ होता, म्हणून पायऱ्या ५ − २ = ३. शेवटच्या पायरीला बाकी शून्य आली की संख्या मूळ. शून्य नाही आली की मूळ नाही. मध्ये 'कदाचित' नाही.

आपल्या संख्येसाठी हीच कृती २,४०,३६,५८१ वेळा करावी लागते आणि प्रत्येक वेळी ७२ लाख अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग काढावा लागतो. अमेरिकेतल्या जॉश फिंडली यांच्या पेंटियम ४ कॉम्प्युटरने साधारण दोन आठवडे हे गणित केलं आणि १५ मे २००४ रोजी शेवटी बाकी शून्य आली. त्यानंतर वेगळ्या कॉम्प्युटरवर वेगळ्या सॉफ्टवेअरने पुन्हा तपासणी झाली आणि मगच घोषणा झाली. ही दुहेरी तपासणी महत्त्वाची आहे, कारण कोट्यवधी पायऱ्यांपैकी एका पायरीत जरी यंत्र चुकलं तरी सगळं गणित वाया जातं.

फिंडली हे गिम्प्स म्हणजे 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' या प्रकल्पातले स्वयंसेवक. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरचे लोक आपला रिकामा कॉम्प्युटर कामाला लावतात. २००४ मध्ये सापडली तेव्हा ही जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. हा मान फेब्रुवारी २००५ मध्ये पुढच्या मर्सेन मूळ संख्येने घेतला.

साधारणपणे अशा संख्येची गोष्ट इथे संपते. विक्रम होतो, मोडतो, लोक विसरतात. या संख्येचं तसं झालं नाही.

कापरेकर कोण होते?

६१७४ ची जादू तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं. हा 'कापरेकर स्थिरांक' शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळेत शिकवत होते. नोकरी सांभाळून आकड्यांशी खेळायचं, लहान पुस्तिका छापायच्या, परिषदांना जायचं, असा त्यांचा शिरस्ता. अनेक भारतीय गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

६१७४ सगळ्यांना माहीत आहे. पण १९४९ मध्येच त्यांनी मांडलेली दुसरी एक कल्पना मराठी वाचकांपर्यंत कमी पोहोचली. ती म्हणजे देवळाली संख्या.

देवळाली संख्या म्हणजे काय?

कुठलीही संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. नवी संख्या तयार होते.

१६ घ्या. १ + ६ = ७. १६ + ७ = २३.
२३ घ्या. २ + ३ = ५. २३ + ५ = २८.

म्हणजे १६ ने २३ ला जन्म दिला, २३ ने २८ ला. १६ हा २३ चा 'जनक' झाला.

आता उलटा प्रश्न विचारा: प्रत्येक संख्येला जनक असतो का? कापरेकरांचं उत्तर होतं: नाही. काही संख्या अशा आहेत की कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून त्या येतच नाहीत. जनक नसलेल्या, आपल्या आपण उभ्या असलेल्या या संख्यांना इंग्रजीत 'सेल्फ नंबर' म्हणतात. मराठीत स्वयंभू संख्या म्हणता येईल. कापरेकरांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्या हे नाव मिळालं.

१०० पर्यंत अशा १३ संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. पुढे साधारण दर दहा संख्यांमागे एक असं प्रमाण राहतं.

काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ बघा: १०० + १ = १०१, आणि ९१ + १० = १०१. बडनेऱ्याला जसा अमरावतीचा फाटा मुंबई-हावडा मार्गाला येऊन मिळतो, तशा इथे दोन वाटा मिळतात. कापरेकरांनीही अशा संख्यांना 'जंक्शन' हाच शब्द वापरला. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या एकदम दहा लाख कोटी अधिक एक, म्हणजे १,००,००,००,००,००,००१ इतकी मोठी आहे.

गंमत म्हणजे १९७४ मध्ये कोलंबियातल्या बर्नार्डो रेकामान यांनी हाच प्रश्न एका अमेरिकन गणित मासिकात मांडला. त्यामुळे काही ठिकाणी याच संख्यांना 'कोलंबियन संख्या' असंही म्हणतात. पण देवळालीने त्यांच्या २५ वर्षं आधी नंबर लावला होता.

जनक शोधायची युक्ती

एखाद्या संख्येला जनक आहे की नाही हे बघायला मागच्या सगळ्या संख्या तपासायच्या का? नाही. ९ चा नियम मदतीला येतो.

कुठल्याही संख्येला ९ ने भागून येणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून येणारी बाकी सारखीच असते. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांच्या मिळणीतून आपली संख्या आली असेल, तर तिची बाकी त्या बेरजेच्या दुपटीएवढी असणार. म्हणून संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. तो अंक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर ९ मिळवून निम्मा करा. जनकाच्या अंकांची बेरीज तिथून ९-९ च्या उडीनेच सापडेल, सापडली तर.

अकोल्याच्या पिनकोडवर करून पाहू. ४ + ४ + ४ + ० + ० + १ = १३, मग १ + ३ = ४. निम्मे २. म्हणजे बेरीज २, ११, २०, २९, ३८... यांपैकीच एक असणार.

• ४४४००१ − २ = ४४३९९९. अंकांची बेरीज ३८. जुळत नाही.
• ४४४००१ − ११ = ४४३९९०. बेरीज २९. जुळत नाही.
• ४४४००१ − २० = ४४३९८१. बेरीज २९. जुळत नाही.
• ४४४००१ − २९ = ४४३९७२. बेरीज २९. जुळलं!

अकोल्याला जनक मिळाला: ४४३९७२. म्हणजे अकोल्याचा पिनकोड मूळ आहे, पण स्वयंभू नाही.

आता परतवाड्याचा पिनकोड घ्या: ४४४८०५. अंकांची बेरीज २५, मग ७. विषम आहे म्हणून ७ + ९ = १६, निम्मे ८. शक्य बेरजा ८, १७, २६, ३५. वजा केल्यावर मिळतात ४४४७९७, ४४४७८८, ४४४७७९ आणि ४४४७७०. यांच्या अंकांच्या बेरजा अनुक्रमे ३५, ३५, ३५ आणि २६. एकही जागेवर जुळत नाही. या पट्ट्यातल्या संख्यांच्या अंकांची बेरीज ३७ च्या वर जातच नाही, म्हणून पुढे बघायची गरज नाही. परतवाडा स्वयंभू आहे! पण शेवटी ५ असल्यामुळे मूळ मात्र नाही.

थोडक्यात वऱ्हाडातच तीन प्रकार सापडले. अकोला: मूळ, पण स्वयंभू नाही. परतवाडा: स्वयंभू, पण मूळ नाही. अमरावती: दोन्ही नाही (जनक ४४४५६९, ताळा करून बघा). दोन्ही एकदम असलेल्या संख्या मात्र वेचून काढाव्या लागतात: ३, ५, ७, ३१, ५३, ९७, २११, २३३, २७७... यांना स्वयंभू मूळ संख्या म्हणता येईल.

७२ लाख अंकी संख्येला जनक नाही हे कसं कळतं?

आता मूळ विषयावर येऊ. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं की २^२४०३६५८३ − १ ही मर्सेन मूळ संख्या स्वयंभूही आहे आणि तोवर माहीत असलेल्या मर्सेन मूळ संख्यांमध्ये अशी ती सर्वांत मोठी आहे. त्या वेळी तिच्यापेक्षा मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या सापडलेल्या होत्या, पण हा मान हिच्याकडेच आला.

हे काम ऐकायला अशक्य वाटतं, पण वरच्या युक्तीने ते आवाक्यात येतं. ते असं:

१. प्रत्येक अंक जास्तीत जास्त ९. म्हणून ७२,३५,७३३ अंकांची बेरीज जास्तीत जास्त ६,५१,२१,५९७. जनक असलाच तर तो संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या आतच असणार.

२. ९ च्या नियमाने त्यातल्या दर नऊपैकी एकच शक्यता उरते. म्हणजे साधारण ७२ लाख.

३. इतक्या अवाढव्य संख्येतून आठ अंकी संख्या वजा केली तर फक्त शेपटीकडचे आठ-नऊ अंक बदलतात. पुढचे लाखो अंक जसेच्या तसे राहतात. त्यांची बेरीज एकदाच करून ठेवली की अंकांची एकूण बेरीज फार तर ८०-८५ च्या पट्ट्यातच हलू शकते. त्या पट्ट्यात ९-९ च्या उडीने दहाएक शक्यता राहतात.

साडेसहा कोटींवरून दहावर! संख्येचे सगळे अंक हाताशी असतील तर उरलेली तपासणी वहीच्या एका पानावर मावेल. ७२ लाख अंक काढणंही आज साध्या लॅपटॉपवर होण्यासारखं आहे. पायथॉन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा चांगला प्रोजेक्ट आहे.

तिच्या लहान भावंडांकडेही बघा. मर्सेन मूळ संख्या ३, ७ आणि ३१ स्वयंभू आहेत. त्यापुढची १२७ नाही, कारण १२२ + ५ = १२७. म्हणजे मर्सेन असणं आणि देवळालीची असणं यांचा आपसात ठरलेला काही संबंध नाही. दोन्ही एकत्र येणं हा योग आहे.

या संख्येचे आणखी काही गुणधर्म

• बायनरीत लिहिली तर ती फक्त १ ची रांग आहे: २,४०,३६,५८३ वेळा १. एकही शून्य नाही. कापरेकरांनाही नुसत्या १ नी बनलेल्या संख्यांचं वेड होतं. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ अशा वर्गांचा समावेश असलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिलं होतं.

• प्रत्येक मर्सेन मूळ संख्येसोबत एक 'परिपूर्ण संख्या' येते, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच असलेली संख्या. ३ सोबत ६ (१ + २ + ३), ७ सोबत २८. आपल्या संख्येची जोडीदार १,४४,७१,४६५ अंकी आहे.

• शेवटचा अंक ७ असणार हे आधीच सांगता येतं. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. २४०३६५८३ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून घाताचा शेवट ८ ने होतो आणि १ वजा केल्यावर ७.

• ती 'हर्षद संख्या' नाही. हर्षद हाही कापरेकरांचाच प्रकार: जिला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो अशी संख्या, उदा. १८ (१ + ८ = ९). दोन किंवा जास्त अंकी मूळ संख्या हर्षद असूच शकत नाही, कारण मधला कुठला विभाजकच तिला नसतो.

सोशल मीडियावर फिरणारे तीन समज

'सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली.' अशी संख्या नाहीच. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सिद्ध केलं. बातमीत 'आजवर माहीत असलेली' हे शब्द गळाले की अर्थ बदलतो.

'अशा महाकाय संख्यांवर आपले बँक व्यवहार चालतात.' मूळ संख्या सुरक्षेसाठी वापरतात हे खरं, पण इतक्या मोठ्या नाही. २०४८ बिटांच्या आरएसए पद्धतीत साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवणं यातच सगळी सुरक्षा आहे. जगाला माहीत असलेली ७२ लाख अंकी संख्या तिथे निरुपयोगी.

'मग मर्सेन संख्यांचा उपयोगच नाही.' हेही बरोबर नाही. पायथॉनमध्ये यादृच्छिक संख्या देणारं 'मर्सेन ट्विस्टर' २^१९९३७ − १ या मर्सेन मूळ संख्येवर उभं आहे. एन्क्रिप्शनच्या एका प्रमाणित पद्धतीत २^५२१ − १ वापरतात. शिवाय या शोधासाठी महाकाय संख्यांचा गुणाकार वेगाने करण्याच्या पद्धती सुधारल्या आणि प्रोसेसर तपासायला हे सॉफ्टवेअर कामी आलं.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवा. मूळ असणं हा संख्येचा स्वतःचा गुण आहे. तिला बायनरीत लिहा, दशमानात लिहा, ती मूळच राहते. स्वयंभू असणं आपल्या लिहिण्याच्या पद्धतीवर, म्हणजे दहा अंकांवर अवलंबून आहे. कापरेकरांचं काम 'नुसता खेळ' म्हणून बाजूला ठेवलं जायचं त्यामागे हेही एक कारण. पण त्या खेळात पुढच्या पिढ्यांना पुरतील असे प्रश्न होते. १९८२ मध्ये इटलीचे गणितज्ञ उंबेर्तो झानिएर यांनी स्वयंभू संख्यांच्या प्रमाणावर शोधनिबंध लिहिला. १९४९ ची व्याख्या ५७ वर्षांनी, कापरेकरांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, ७२ लाख अंकी संख्येला लावून पाहिली गेली. संशोधन संस्था नाही, मोठी पदवी नाही, फक्त वही आणि चिकाटी. तालुक्याच्या शाळेत गणित शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी ही गोष्ट छोटी नाही.

आजचा विक्रम कुणाचा?

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी गिम्प्समधल्या ल्यूक ड्युरंट यांना २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या मिळाली. ड्युरंट हे एनव्हिडिया कंपनीचे माजी कर्मचारी. त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या डेटा सेंटरमधले ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन हा शोध लावला. ही संख्या एका सेंटीमीटरला एक अंक अशी लिहिली तर ४१० किलोमीटर लागतील. अकोल्याहून रेल्वेने देवळाली साधारण ४०० किलोमीटर. म्हणजे रुळाच्या कडेने लिहीत गेलात तर देवळाली स्टेशन येईल तरी संख्या संपलेली नसेल.

तुम्हालाही शोधता येईल का?

हो. गिम्प्सचं 'प्राइम९५' हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि कोणीही सहभागी होऊ शकतं. १० कोटी किंवा जास्त अंकांची पहिली मूळ संख्या सापडली तर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने १,५०,००० डॉलरचं बक्षीस ठेवलंय. पण लॉटरी समजून उतरू नका. एका संख्येची तपासणी दिवस-आठवडे चालते, प्रोसेसर पूर्ण ताकदीने धावतो, वीज लागते. आणि वऱ्हाडात असाल तर साधा सल्ला: पारा ४५ च्या पुढे जातो त्या मे महिन्यात जुन्या लॅपटॉपवर हा प्रयोग करू नका.

त्यापेक्षा आज एक छोटं काम करा. तुमच्या गावाचा पिनकोड घ्या आणि वरच्या युक्तीने त्याचा जनक शोधा. पाच-सहा वजाबाक्या लागतील. जनक मिळाला नाही, तर तुमचं गाव परतवाड्याच्या आणि त्या ७२ लाख अंकी संख्येच्या पंगतीला बसलं असं समजा.